आज्ञा फिरते, कारण उरतें

ज्या धर्माचा ग्रंथ पूर्ण झाला आहे, त्यांत फेरफार करावयाचा तर भाष्यकाराचा आश्रय करावा लागतो. मूळ वचन जागचें हलत नाहीं. अर्थ मात्र हलतो. आपल्या स्मृतींत नियोगादि आचार लिहिलेले तसेच राहिले आणि कलिवर्ज्य या सदराखालीं व्यवहारांतून गेले. परंतु आपला ग्रंथ अद्यापि पुरा झालेला नाहीं, असें जो पंथ स्वतःच मानतो, त्याची रीति कशी असावी? अमेरिकेंतील मॉर्मन पंथाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

हा पंथ जोसेफ स्मिथ यानें १८३० सालीं न्यूयॉर्क संस्थानांत स्थापिला. पंथाच्या अध्यक्षास आजहि ईश्वरी साक्षात्कार होतो, हें त्याचें एक मुख्य तत्त्व. १८४३ सालीं स्मिथनें बहुपत्नीत्वाची आज्ञा लिहवून घेतली. पुढल्याच वर्षीं जमावानें त्याचा वध केला. १८४७ त ब्रिगम यंग अनुयायांस घेऊन यूटाच्या सॉल्ट लेक खोऱ्यांत गेला, आणि १८५२ मध्यें ती आज्ञा तेथें उघडपणें जाहीर झाली.

सरकारनें १८६२ पासून तिच्याविरुद्ध कायदे केले. श्रद्धा मनांत बाळगण्यास मोकळीक आहे, तिच्या नांवावर कायदा मोडण्यास नाहीं, असें सुप्रीम कोर्टानें १८७९ त ठरविलें. १८८७ च्या कायद्यानें तर पंथाची पन्नास हजार डॉलरांवरील मालमत्ता जप्तीस पात्र केली. तेव्हां १८९० च्या सप्टेंबरांत अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनीं, कायद्यानें निषिद्ध असा विवाह कोणीं करूं नये, असें जाहीर केलें. १८९६ त यूटा संस्थान म्हणून संघांत सामील झालें. तरी असे विवाह गुप्तपणें चालूच राहिले; १९०४ मध्यें दुसरें जाहीरपत्र काढून बहिष्काराची धमकी द्यावी लागली. १८४३ ची आज्ञा मात्र त्यांच्या धर्मग्रंथांत आजहि छापलेली आहे.

सरकारचा दंड उगारला म्हणून देवानें मत बदललें, ही थट्टा सोपी आहे. वुड्रफ यांनीं ती टाळण्याचा यत्नहि केला नाहीं. ही प्रथा न सोडल्यास मंदिरें जातील व लोक तुरुंगांत पडतील, हें देवानेंच आपणांस दाखविलें, असें त्यांनीं पुढल्या वर्षीं सांगितलें. श्रद्धावंतास संकट हेंहि ईश्वराचें बोलणेंच वाटतें.

दुसरें उदाहरण अधिक कष्टदायक आहे. एलायजा एबल या कृष्णवर्णीय गृहस्थास १८३६ सालींच पौरोहित्याचा अधिकार मिळाला होता. परंतु १८५२ त ब्रिगम यंगनें तो आफ्रिकी वंशाच्या पुरुषांस नाकारला. मंदिरांतील श्रेष्ठ विधीहि त्या वंशाच्या स्त्रीपुरुषांस बंद झाले. जेन मॅनिंग जेम्स ही कृष्णवर्णीय बाई अगदीं आरंभींच्या अनुयायांपैकीं. तिनें त्या विधींसाठीं वारंवार विनंत्या केल्या. अखेर १८९४ मध्यें स्मिथशीं तिचें पारलौकिक नातें विधिपूर्वक जोडण्यांत आलें, तें सेविका म्हणून! १९०८ त ती वारली. ८ जून १९७८ रोजीं अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनीं नव्या साक्षात्काराच्या आधारें हा निर्बंध उठविला, तेव्हां जेनला जाऊन सत्तर वर्षें झालीं होतीं.

याहून लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट पुढेंच आहे. काळा वर्ण हें शापाचें चिन्ह होय, अशी उपपत्ति त्या निर्बंधाच्या समर्थनार्थ पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली होती. ती चुकीची म्हणून पंथानें स्पष्टपणें नाकारली २०१३ सालीं. आज्ञा गेली, आणि तिचें कारण नंतर पस्तीस वर्षें लोकांच्या मनांत तसेंच राहिलें.

अलीकडे ही गति वाढली आहे. समलिंगी जोडप्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्यावर २०१५ त घातलेले निर्बंध २०१९ तच मागें घेण्यांत आले. विवाह स्त्रीपुरुषांचाच, हें तत्त्व मात्र कायम राहिलें.

वाचकहो, आपल्या कुटुंबांतहि कित्येक निर्बंध वडिलांच्या हयातींतच सुटतात. सोंवळें सैल होतें, विटाळ पाळला जात नाहीं. परंतु त्यांच्या समर्थनार्थ जें आपण लहान मुलांस सांगितलें होतें, तें परत कोण घेतो? नियम सोडणें हें अर्धेंच काम आहे. ज्या माणसास हीन ठरवून तो नियम उभा राहिला, तें माणूस हीन नव्हतें, असें त्याच्या देखत सांगणें हें उरलेलें अर्धें होय. आणि तें तें माणूस हयात असतांनाच व्हावयास हवें.