विहीर कुणाची?

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो, तोच इंदूरच्या हॉटेलांमध्ये समुद्राचा हंगाम सुरू होतो. कोकणातले बंगले विकणाऱ्या, विजयनगर भागातल्या अशाच एका प्रदर्शनाला आम्ही गेल्या महिन्यात मुद्दाम जाऊन आलो. मधल्या टेबलावर काचेखाली प्रतिकृती मांडलेली होती. हिरवी टेकडी, तिच्यावर बावीस कौलारू बंगले, प्रत्येकाच्या अंगणात बोटाएवढा निळा तलाव आणि पायथ्याशी चकचकीत रंगवलेला समुद्र. टेकडी आणि समुद्र यांच्यामधली पट्टी मात्र कोरी होती. हातात दिलेल्या पत्रकावरच्या नकाशात त्याच जागी एक वाडी, एक देऊळ आणि होड्या ओढून ठेवायची जागा दिसत होती. प्रतिकृती करणाऱ्याने ती सफाईने पुसून टाकली होती.

पाणी कुठून येणार, असे आम्ही विचारले. विक्रीला उभा असलेला तरुण चांगला होता, इंदूरचाच होता. म्हणाला, "बोअर आहे ना, सर. आणि कोकणात पाण्याला काय तोटा?"

या एका वाक्यासाठी आजचा अग्रलेख लिहावा लागतो आहे.

किनाऱ्याचे ऊन विकले जाणे नवे नाही. थंडीने गारठलेले ब्रिटिश आणि जर्मन कित्येक वर्षे स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर दुसरे घर घेत आले आहेत. माळव्यात उन्हाची टंचाई कधीच नव्हती. इथे विकले जाते ते डिसेंबरचे मऊ ऊन, खारा वारा आणि आणखी एक गोष्ट, जी फक्त मराठी गिऱ्हाइकालाच विकता येते: गाव. होळकरांच्या काळापासून इंदुरात रुजलेल्या किती घरांचे कुलदैवत आजही गुहागरचा व्याडेश्वर आहे, वेळणेश्वर किंवा हरिहरेश्वर आहे, ते रामबाग-तिलकनगरात घरोघर विचारून पाहा. पाच-सहा पिढ्यांपूर्वी घाट चढून गेलेल्या माणसाला "मुळांकडे परत चला" म्हटले की त्याचे डोळे पाणावतात, आणि त्याच भरात तो टोकन देतो. त्यात आता प्रवास सोपा झाला आहे. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला, मोपाहून जानेवारी 2023 पासून विमाने उडू लागली. मोपा गोव्याच्या पेडण्यात, म्हणजे सिंधुदुर्गाच्या वेशीवरच. निवृत्तीचे पैसे हातात आलेल्या जोडप्याला वेंगुर्ल्याजवळ चार खोल्यांचे घर असावेसे वाटले, तर त्यात हसण्यासारखे काही नाही. आमच्या ओळखीत अशी जोडपी आहेत आणि ती लोभी नाहीत.

पण त्यांना कोकणाचे पाणी माहीत नाही. इंदुरात वर्षाला साधारण साडेनऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, कोकणात तीन हजारांहून जास्त. आकडा ऐकून माळव्यातला माणूस निर्धास्त होतो. पण तो पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि त्याचे पाणी तिथे थांबत नाही. वरचा सडा जांभ्याचा, सच्छिद्र. त्यातून पाणी झिरपून ओढ्याला आणि ओढ्यातून खाडीला जाते. शिमग्यापर्यंत विहिरी तळाला लागतात आणि एप्रिल-मे महिन्यांत रायगड-रत्नागिरीतल्या वाड्यांवर टँकर फिरू लागतात. दरवर्षी फिरतात. ज्या मुलखात जुलैत छत्री उलटी होते, तिथे मे महिन्यात बाई हंड्यासाठी पाखाडी उतरून खाली जाते.

किनाऱ्यालगतच्या गावांची गोष्ट आणखी नाजूक आहे. गोडे पाणी खाऱ्याहून हलके, म्हणून वाळूखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर ते जितके फूट असेल, त्याच्या सुमारे चाळीस पट खाली त्याचा थर असतो. हे गणित भूजलशास्त्रात शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. त्याची दुसरी बाजू अशी की उपसा करून वरची पातळी एक फूट खाली आणली, तर खालचे खारे पाणी 40 फूट वर सरकायला बघते. रहाटाने पाणी काढणाऱ्या वाडीने हा थर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, तो शास्त्र वाचून नव्हे, तर दोन हातांनी याहून जास्त उपसताच येत नव्हते म्हणून. पाच अश्वशक्तीच्या पंपाला तसली मर्यादा नाही. बोअर टेकडीवर, विहीर पायथ्याशी. खारे पाणी आधी विहिरीत येते. ते कळते कसे? चहा फाटतो. मग डाळ शिजायला वेळ लागू लागतो. मग माडाच्या झावळ्यांची टोके करपतात. आणि एकदा खारावलेली विहीर गोडी व्हायला किती पावसाळे लागतील, हे कुणी सांगत नाही.

प्रतिकृतीतल्या त्या बोटभर तलावाचा हिशेब घरी येऊन मांडला. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे 40 हजार लिटर. जलजीवन मिशन ग्रामीण माणसाला दिवसाला 55 लिटर धरते. पाच माणसांच्या कुटुंबाला या एका तलावाचे पाणी जवळजवळ पाच महिने पुरेल. असे बावीस तलाव. शिवाय हिरवळ, जी कोकणात मुळात कुणी लावत नाही, कारण अंगण सारवायचे असते.

आम्हा इंदूरकरांना हे कुणी शिकवावे, याचीच लाज वाटते. बिलावली आणि यशवंतसागर हे तलाव पुरेनासे झाले, तेव्हा 1970 साली हे शहर नर्मदेसाठी रस्त्यावर उतरले होते. 1978 मध्ये जलूदहून पहिले पाणी आले, सुमारे 70 किलोमीटरवरून, विंध्याचा चढ पंपांनी चढवून. ते आले त्या दिवसाच्या आठवणी आजही वडीलधारे सांगतात. तहान म्हणजे काय, हे ठाऊक असलेले शहर दुसऱ्याच्या विहिरीवर पोहायचा तलाव बांधायला निघाले आहे. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते यालाच. कोकणातल्या त्या टेकडीसाठी तर कुठलीच नर्मदा नाही.

यावर एक उत्तर हमखास येते. कोकणातली घरे आधीपासूनच बंद असतात, मुंबईचा चाकरमानीही अकरा महिने कुलूप लावून जातो, मग आमच्या कुलपाचे एवढे काय? प्रश्न योग्य आहे. चाकरमान्याचे घर बंद असते, पण त्याचा धाक आणि त्याचा आधार गावात असतो. गणपतीला तो येतो, शिमग्याला पालखी खांद्यावर घेतो, देवळाची वर्गणी देतो, शाळेचे पत्रे उडाले तर मुंबईच्या मंडळातून पैसे गोळा करून पाठवतो. विहिरीच्या गाळउपशाला त्याचा भाऊ असतो. त्याच्या घराने जमिनीचा भावही चढत नाही, कारण ते विकायचे नसते. बंगल्यांच्या वसाहतीला मात्र फाटक असते. आठवड्याला दोन दिवस फाटक उघडते, किराणा शहरातून येतो, आणि गावातल्या पोरांना मिळते ते रखवालदाराचे आणि माळ्याचे काम. ज्यांच्या आज्याने ती टेकडी विकली, त्यांचीच पोरे. लग्न झालेल्या मुलाला वेगळे घर बांधायला दोन गुंठे घ्यायचे म्हटले, तर भाव आता इंदूर-पुण्याच्या खिशाने ठरलेला असतो.

गोव्याने हे आपल्या आधी भोगले आहे. 2011 च्या जनगणनेत त्या चिमुकल्या राज्यात सुमारे सव्वा लाख घरे बंद आढळली, म्हणजे दर पाच घरांत एकाहून जास्त. त्याच्या पाच वर्षे आधीच, डिसेंबर 2006 मध्ये, प्रादेशिक आराखड्याविरुद्ध गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. तरीही वाट बुजली नाही. नगरनियोजन कायद्याच्या 17(2) कलमाखाली एकेका सर्व्हे क्रमांकाचा विभाग "दुरुस्त" करून बागायतीची जमीन वस्तीत बदलण्याची सोय काढली गेली. त्यासाठीचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्द केले. भातशेती बिगरशेतकऱ्याला विकायला बंदी घालणारा कायदा 2023 चा आहे. म्हणजे शेत वाचवायला एक कायदा आणि बाग विकायला दुसरी वाट, दोन्ही एकाच विधानसभेतून.

कोकणाची पाळी आता आहे. मार्च 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने किनाऱ्याच्या चार जिल्ह्यांतल्या दीड हजारांहून अधिक गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले, तेव्हा गावागावांतून विरोध उठला. नियोजन हवेच. पण ग्रामसभेला न विचारता आलेले नियोजन कुणासाठी असते, हे सिडकोनेच वसवलेल्या नवी मुंबईच्या आसपासच्या आगरी-कोळी माणसाला विचारावे.

खरेदीदाराच्या हिताचेही थोडे सांगू, कारण प्रदर्शनात ते कुणी सांगत नाही. मध्य प्रदेशात आदिवासींच्या जमिनीचे निर्बंध सोडले, तर शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. त्या सवयीने आपण महाराष्ट्रात जातो, आणि तिथे कुळकायद्याचे कलम 63 आडवे येते: शेतकरी नसाल तर शेतजमीन नाही. "सध्या करार करू, एनए नंतर होईल" हे वाक्य ऐकले की उठून चालू लागावे. तुकडेबंदीमुळे शेतजमिनीत पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा सहसा वेगळा होत नाही, म्हणून सातबाऱ्यावर वीसजणांची सामायिक नावे लावून "तुमचा प्लॉट" दाखवला जातो. कोकणातला सातबारा मुळातच एखाद्या कुलवृत्तांतासारखा असतो. पणजोबाचे नाव, त्यांची सात मुले, त्यातली तीन मुंबईत आणि एक कॅनडात. इतर हक्कात कूळ. कुठे कलम 43 ची अट, कुठे खाजगी वनाची नोंद. यातली एकेक ओळ सुटायला एकेक पिढी लागलेली आम्ही पाहिली आहे.

आणि समुद्र. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 1991 ची, ताजी 2019 ची. मधल्या काळात उठलेल्या बंगल्यांचे काय होऊ शकते, ते अलिबागजवळच्या किहीममध्ये 8 मार्च 2019 रोजी दिसले. नीरव मोदीचा बंगला जिल्हा प्रशासनाने सुरुंग लावून पाडला. पुढच्याच वर्षी, 3 जून 2020 रोजी, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडच्या बाजूला आले आणि पन्नास-पन्नास वर्षांच्या सुपाऱ्या एका दुपारी आडव्या करून गेले. मालवणचे देवबाग पाहा. एका बाजूला कर्ली नदी, दुसरीकडे अरबी समुद्र, मध्ये वाळूची अरुंद पट्टी. पावसाळ्यात लाटा माडाची मुळे उघडी पाडतात आणि माणसे दगडांचा बंधारा मागत बसतात. पत्रकावर लिहिलेले असते, "लाटांपासून चार पावलांवर".

जगात यावर उपाय झाले नाहीत असे नाही. स्वित्झर्लंडने 2012 साली सार्वमत घेऊन ठरवले की ज्या गावात दुसऱ्या घरांचे प्रमाण 20 टक्क्यांहून जास्त आहे, तिथे नव्याने अशी घरे बांधायची नाहीत. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हज गावाने 2016 मध्ये 80 टक्क्यांहून अधिक मतांनी नवी बांधकामे फक्त कायमच्या रहिवाशांसाठी राखली. तिथे मागणी मग जुन्या घरांकडे वळली, हेही खरे. आपल्याकडे हिमाचलात तिथला शेतकरी नसलेल्या माणसाला जमीन घेताना कायद्याचे कलम 118 आडवे येते. म्हणजे एकच कायदा पुरत नाही, पण "काहीच करता येत नाही" हे सरकारी पालुपदही खोटे आहे. महाराष्ट्र सरकारने निदान एवढे करावे: किनाऱ्यावरच्या कुठल्याही वसाहतीला परवानगी देण्याआधी मे महिन्यात गावच्या विहिरींची पातळी आणि क्षारता मोजावी, तो अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवावा, आणि वर्षाचे आठ-नऊ महिने बंद राहणाऱ्या घरावर ग्रामपंचायतीला वेगळी घरपट्टी लावू द्यावी. बोअरची खोली आणि संख्या परवान्यातच लिहिलेली असावी.

इंदूरच्या मराठी संस्थांनाही आमचे सांगणे आहे. अशा प्रदर्शनांच्या जाहिराती स्मरणिकांत येतात, गणेशोत्सवाच्या कमानीवर झळकतात, अगदी नाटकाच्या मध्यंतरातही. कमान विकण्याआधी जमिनीचे कागद आणि महारेराचा नोंदणी क्रमांक मागायला कुणाची आडकाठी नाही.

येत्या रविवारी त्याच हॉटेलात, त्याच हॉलमध्ये पुन्हा प्रदर्शन आहे. नाश्त्याला पोहे-जिलबी आहे, तीही फुकट. जाणाऱ्यांनी पोहे जरूर खावेत. मग सातबारा मागावा, फेरफार मागावा, आणि त्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवून विचारावे की इथे राहणारी माणसे मे महिन्यात कुठल्या विहिरीचे पाणी पितात.