सिद्धतेचा क्रम

घरातील वायफाय अधूनमधून रुसते. मोबाइलवर संपर्काचे चिन्ह पूर्ण दिसते, पण पान उघडत नाही. अशा वेळी नातवंडे सल्ला देतात, "आजोबा, बंद करून पुन्हा चालू करा." बहुधा तो लागूही पडतो. तो का लागू पडतो, याचे उत्तर वायरलेस यंत्रणेच्या अंतरंगात आहे आणि त्याचा आपल्या आर्थिक सुरक्षिततेशीही संबंध आहे.

वायफायची चिप आणि फोनची कार्यप्रणाली यांच्यामध्ये 'ड्रायव्हर' नावाचा एक दुभाष्या असतो. चिप जागी करणे, तिच्यात फर्मवेअर भरणे, स्मृतीत जागा राखणे आणि मग 'साधन तयार आहे' अशी वर्दी देणे, ही त्याची कामे. या प्रत्येक टप्प्याची नोंद, म्हणजे साधनाची 'अवस्था', त्याला ठेवावी लागते. मात्र ही कामे एकामागून एक निवांतपणे होत नाहीत. आजच्या प्रोसेसरचे अनेक गाभे एकाच वेळी काम करतात. एकीकडे फर्मवेअर भरले जात असते, तर दुसरीकडे एखादे ॲप माहिती मागत असते. निकाल कोण आधी पोहोचला यावर अवलंबून राहिला, तर त्या दोषाला संगणकशास्त्रात 'रेस कंडिशन' म्हणतात.

बँकेच्या भाषेत सांगतो. खात्यात 10,000 रुपये शिल्लक आहेत. एका काउंटरवर 8,000 चा आणि दुसऱ्यावर 7,000 चा धनादेश त्याच क्षणी आला. दोघांनीही शिल्लक पाहिली, दोघांनाही ती पुरेशी वाटली आणि दोघांनीही रक्कम दिली. कोणीही नियम मोडला नाही, तरी खाते 5,000 रुपयांनी उणे झाले. हस्तलिखित खातेवह्यांच्या काळात हा धोका कमी होता, कारण खातेवही एकच असे. ती ज्याच्या हाती, त्याने आधी नोंद करावी, मग ती दुसऱ्याकडे जावी. संगणकात हेच काम 'लॉक' करते.

लिनक्स या कार्यप्रणालीत, जिच्या गाभ्यावर अँड्रॉइड फोन चालतात, नेटवर्क साधनाची नोंदणी करण्याची एक आज्ञा आहे. ती दिली की त्याच क्षणापासून कोणीही ते साधन वापरू शकतो. म्हणून जाणकार ड्रायव्हर-लेखक सर्व तयारी आधी पूर्ण करतात आणि नोंदणी शेवटी करतात. हा क्रम उलटला, तर रोकड मोजून घेण्याआधीच खिडकी उघडल्यासारखे होते. साधन काढून घेतानाचा क्रमही ठरलेला आहे: प्रथम नवे काम घेणे थांबवावे, मग हाती असलेले काम संपू द्यावे, आणि शेवटी स्मृतीतील जागा सोडून द्यावी. यूएसबीचा वायफाय डोंगल अचानक उपसला आणि ड्रायव्हरने मधली पायरी गाळली, तर उरलेले काम परत केलेल्या जागेत हात घालते आणि संगणक कोलमडतो.

या क्रमभंगाचे एक प्रसिद्ध उदाहरण 2020 सालचे आहे. ईसेट या सुरक्षा-संस्थेच्या संशोधकांनी ब्रॉडकॉम आणि सायप्रेस यांच्या वायफाय चिपमधील 'क्रूक' नावाचा दोष फेब्रुवारीत जाहीर केला. फोनचा राउटरशी असलेला संपर्क तुटला की चिप संदेश कुलूपबंद करण्याची किल्ली पुसून तिच्या जागी शून्ये भरत असे. इथवर सारे योग्यच होते. परंतु पाठवायच्या रांगेत काही माहिती शिल्लक असे, आणि ती रद्द करण्याऐवजी चिप त्या शून्यांच्या किल्लीनेच बंद करून हवेत सोडत असे. जवळपासच्या कोणालाही वायफायचा पासवर्ड ठाऊक नसताना ती उघडून वाचता येई. संपर्क तुटण्याची वाट पाहण्याचीही गरज नव्हती. खोटा संदेश पाठवून तो तोडता येत असे. दुरुस्तीपूर्वी अशी साधने 100 कोटींहून अधिक असावीत, असा संस्थेचा अंदाज होता. पासवर्ड बदलून उपयोग नव्हता. उपाय होता तो सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीचा, आणि निर्मात्यांनी ती उपलब्ध करून दिली.

असे दोष चाचणीत का सापडत नाहीत? कारण घोटाळा होण्याची फट सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागाएवढी असते. हजार वेळा सुरळीत चालते आणि एखाद्या वेळीच फसते. तपासासाठी ड्रायव्हरमध्ये नोंदी छापायला लावल्या, तर तेवढ्या विलंबानेच दोष लपून बसतो. बरे, जिथे तिथे लॉक लावले तरी पेच संपत नाही. एका अधिकाऱ्याकडे खातेवही आहे व तो व्हाउचरची वाट पाहतो. दुसऱ्याकडे व्हाउचर आहे व तो खातेवहीची वाट पाहतो. दोघेही दिवसभर बसून राहतील! लॉक घेण्याच्या क्रमातील असा धोका ओळखणारे 'लॉकडेप' हे साधन लिनक्समध्ये 2006 साली आले, तर एकाच माहितीवर दोघांचा हात पडतो का, हे टिपणारे 'केसीसॅन' 2020 साली.

आता पुन्हा त्या सल्ल्याकडे. साधन बंद करून चालू केले की अर्धवट अवस्था पुसली जाते आणि सारे टप्पे पहिल्यापासून होतात. म्हणून काम चालते. मूळ दोष मात्र तसाच राहतो. तो अद्ययावत सॉफ्टवेअरनेच दूर होतो. यासाठी वाचकांना तीन गोष्टी सुचवितो. फोनवर येणारी अद्ययावत करण्याची सूचना पुढे ढकलू नये. राउटरही वर्षातून एक-दोनदा अद्ययावत करून घ्यावा, आणि निर्मात्याने ज्याची दुरुस्ती देणे थांबविले आहे तो बदलावा. बँकेचा व्यवहार अधिकृत ॲपवरून, किंवा पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' असलेल्या बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावा. तिथे वायफायच्या कुलपाखेरीज दुसरे स्वतंत्र कुलूप असते आणि 'क्रूक'सारख्या दोषातही ते शाबूत राहते. घरातील ज्येष्ठांच्या फोनवर ही सूचना अनेकदा महिनोन्‌महिने पडून असते. या रविवारी तो फोन हातात घेऊन ती पाहावी.