घरचा संगणक : मेमरीचा वेग किती ठेवावा?



माझ्या पुतण्याचे मंगरूळपीरला अर्ज भरून देण्याचे छोटे दुकान आहे. पत्र्याचे छप्पर, एक संगणक, एक प्रिंटर. गेल्या उन्हाळ्यात त्याने कोणाकडून तरी वापरलेली रॅमची एक जुनी पट्टी घेऊन आपल्या संगणकात बसवली आणि ऐकीव माहितीवर मेमरीचा वेग वाढवला. चार दिवस संगणक छान पळाला. पाचव्या दिवशी निळा पडदा येऊ लागला. पुढे आयटीआयच्या प्रवेशासाठी आलेल्या एका मुलीची स्कॅन करून ठेवलेली कागदपत्रेच उघडेनात. शेवटची तारीख तोंडावर आली होती. अखेर दुसरीकडे जाऊन सर्व कागद पुन्हा स्कॅन करावे लागले, तेव्हा कुठे अर्ज गेला. म्हणून आज हा विषय.

रॅम म्हणजे संगणकाची काम करतानाची पाटी. तिच्यातील प्रत्येक घर गळक्या माठासारखे असते. त्यातील विजेचा भार सारखा गळत असतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. उष्णता वाढली की गळतीही वाढते. जानेवारीत नीट चाललेले सेटिंग आपल्या वाशिम जिल्ह्यातील मे महिन्यात, पत्र्याखाली, दगा देऊ शकते ते यामुळेच.

पट्टीवर दोन प्रकारचे आकडे असतात. ३२०० हा वेग. १६-१८-१८-३६ हे टायमिंग, म्हणजे मागणी केल्यावर किती ठोके थांबायचे त्याचा हिशेब. पहिल्या आकड्याला २००० ने गुणा आणि वेगाने भागा. जो आकडा येईल तेवढे नॅनोसेकंद थांबावे लागते. ३२०० वेगाला १६ असेल तर १० नॅनोसेकंद. ३६०० ला १८ असेल तरीही १० च. ३२०० ला २२ असेल तर १३.७५. तेव्हा केवळ मोठा वेग पाहून जास्त पैसे मोजू नका. अर्ज, टायपिंग, मुलांचा अभ्यास या कामांत एवढा फरक हाताला जाणवतही नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट. खोक्यावर ३२०० लिहिले असले तरी अशा अनेक डीडीआर ४ पट्ट्या मुळात २१३३ किंवा २४०० वर, १.२ व्होल्टवर सुरू होतात. वरचा वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी हा पर्याय चालू करावा लागतो. तेव्हा व्होल्टेज बहुधा १.३५ होते. तो वेग पट्टी बनवणाऱ्याने तपासलेला असतो. तुमचा प्रोसेसर, तुमचा मदरबोर्ड आणि शेजारची दुसरी पट्टी यांच्यासह तो चालेलच, याची हमी कोणी देत नाही. पुतण्याचे तेच झाले. त्याची नवी पट्टी ३२०० ची, जुनी २६६६ ची. बैलजोडीत एक बैल दमदार आणि दुसरा थकलेला असला तर औत कोणाच्या चालीने चालते, हे आपल्याला सांगायला नको.

मग करावे काय? संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये जा. आधी मेमरीचे मूळ सेटिंग ठेवा. मेमटेस्ट ८६ प्लस हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू करा आणि चाचणी रात्रभर चालू द्या. एकही चूक नको. मूळ सेटिंगवरच चूक आली तर एकेक पट्टी वेगळी लावून तपासा. जी खराब निघेल ती वॉरंटीत असल्यास बदलून घ्या. चूक आली नाही तर एक्सएमपी चालू करून पुन्हा तेवढीच चाचणी करा. तेव्हा एक जरी चूक दिसली तरी वेग एक पायरी उतरवा : ३२०० वरून २९३३, त्यावरून २६६६. व्होल्टेज वाढवून वेग टिकवण्याच्या फंदात पडू नका. उन्हाळ्यात भर दुपारी आणखी एकदा तपासा. ठरलेले आकडे वहीत लिहून ठेवा. संगणक सुरूच झाला नाही तर घाबरू नका. वीज बंद करून, प्लग काढून, मदरबोर्डवरील नाण्यासारखा गोल सेल पाच-दहा मिनिटे काढून ठेवा. मूळ सेटिंग परत येते.

पुतण्याचा संगणक आज २६६६ वर, १९-१९-१९-४३ या टायमिंगने, १.२ व्होल्टवर चालतो. त्यानंतर एकही फाईल बिघडलेली नाही.

मेमरीतील एका चुकीने काय होऊ शकते, याचे जगाला माहीत असलेले उदाहरण बेल्जियममधले आहे. १८ मे २००३ च्या निवडणुकीत तेथील एका मतदान केंद्राच्या संगणकाने एका उमेदवाराला ४०९६ मते जास्त दाखवली. मिळू शकत होती त्याहून मते जास्त निघाली, म्हणून चूक पकडली गेली. तपासात प्रोग्रॅममध्ये दोष सापडला नाही. मेमरीतील एकच बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. तेथे सेटिंग चुकीचे नव्हते, तो अपघात होता. आपण मेमरीला न झेपणारा वेग दिला तर तसले अपघात आपणच रोज घरी बोलावतो. आकडा अशक्य होता म्हणून तो दिसला. एखाद्या मुलीच्या अर्जातील गुण किंवा खाते क्रमांक बदलला तर कोणाला दिसणार?

घरात एकच संगणक आणि तोही हप्त्यावर घेतलेला. त्याच्यावर लेकरांचे प्रवेश आणि आपली कागदपत्रे अवलंबून असतात. तो थोडा हळू चालला तरी चालेल. त्याने आपले अक्षर न् अक्षर जसेच्या तसे सांभाळले पाहिजे.