बंदी घालणं सोपं आहे, वाट राखणं अवघड

पावसाळा आला की दोन गोष्टी ठरलेल्या. लोणावळ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग आणि पाठोपाठ किल्ले-धबधब्यांवर मनाई आदेश. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हा प्रशासनाची घाई समजू शकते. पण धबधब्याखालची गर्दी आणि तीन दिवस पाठीवर सॅक घेऊन चालणारा माणूस, दोघांना एकच नियम?

राजगड-तोरणा-रायगड करताना दुसऱ्या दिवशी मोहरीच्या अलीकडे मी चक्क दगडावर बसून राहिलो होतो. पाय दुखत होतेच, पण खरं दुखणं डोक्यात होतं. मोबाईलला रेंज नाही, सोबती पुढे गेलेले. कोणी सांगितलंय हे? घरी पंखा आहे, चहा आहे. शेवटी ठरवलं, फक्त समोरच्या झाडापर्यंत जायचं. मग पुढच्या. असं करत बोराट्याची नाळ उतरलो. पुढे आयुष्यात एक वाईट वर्ष आलं, तेव्हा हेच 'पुढच्या झाडापर्यंत' कामाला आलं.

अमेरिकेत ॲपलाचियन ट्रेल नावाची साधारण ३,५०० किलोमीटरची पायवाट आहे. बहुतेक जण ती अर्धवट सोडतात. १९५५ मध्ये एमा गेटवूड ही ६७ वर्षांची बाई ती एकटीने पूर्ण चालली. अकरा मुलांची आई, नवऱ्याचा तीसेक वर्षं मार खाल्लेली. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. 'फिरायला जाते' एवढंच मुलांना सांगून निघाली. तिला कोणी 'या वयात? एकटी? परवानगी कुठाय?' म्हणून अडवलं असतं तर?

ती वाट आजही मुख्यतः स्वयंसेवक राखतात, झाडांवर पांढऱ्या खुणा रंगवतात. स्कॉटलंडने तर २००३ च्या कायद्याने माळरानात चालण्याचा हक्कच दिला, जबाबदारीने वागायच्या अटीवर.

आपल्याकडे काय हवंय? पायथ्याच्या गावात नोंदणी, धोक्याच्या जागी खुणा, गावातल्या पोरांना वाटाड्याचं काम, आणि स्वतःच्या खिशाला चाट लावून दरीत उतरणाऱ्या रेस्क्यू टीमना दोर-स्ट्रेचरसाठी पैसे. रेड अलर्टला वाट बंद करा, जरूर करा. पण सरसकट महिना-दोन महिने कुलूप नको.

चुकायचा धोका स्वतःच्या अंगावर घेऊन चालणं, यालाच स्वातंत्र्य म्हणतात ना? तुम्हाला काय वाटतं?