किल्ल्यांचा जुडगा

डॉक्टरांवर हल्ला झाला की सरकारला सुरक्षारक्षक आठवतात, आणि तेही डोकी मोजण्यापुरते. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात नातेवाइकांच्या मारहाणीत एका निवासी डॉक्टरच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून उठले आणि ११०० रक्षक देण्याचे आश्वासन मिळाले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात शिकाऊ डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. मग केंद्राने आपल्या रुग्णालयांत सुरक्षेचे मनुष्यबळ २५ टक्क्यांनी वाढवायला मुभा दिली. हल्लेखोराला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड सांगणारा महाराष्ट्राचा कायदा तर २०१० पासूनच आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे. आकडा आला, कलमही आले. रात्री अडीच वाजता अपघात विभागाच्या दारात कोणी उभे राहायचे आणि कोणाला तिथून लांब ठेवायचे, हे ठरवणाऱ्या माणसाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही.

या माणसाला रुग्णालय ‘सुपरवायझर’ म्हणते आणि नातेवाईक ‘ओ सिक्युरिटी’. घरच्या आजारपणात एका सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात आमच्या अकरा रात्री गेल्या. सतरंजीवर डास झोपू देईनात, म्हणून तिथला सुपरवायझर नीट पाहून झाला. आठला हजेरी. मस्टरवर सोळा नावे, समोर उभे बारा, आणि त्यातलाही एक दिवसपाळी करून तसाच थांबलेला. पॉइंट मात्र सोळाच्या सोळा: गेट, अपघात विभाग, अतिदक्षता, औषध भांडार, ऑक्सिजनची टाकी, शवागार वगैरे. प्रसूतीच्या वॉर्डाला बाईच हवी, तिथे तडजोड नाही. नवा पोरगा भांडारावर गेला, कारण शवागारावर तो रात्रभर घाबरतो आणि दुसऱ्या दिवशी येतच नाही. सगळ्यात धिप्पाड, मिशीवाला गडी अपघात विभागात असेल असे आम्हाला वाटले होते. त्याला टाकले थेट मागच्या गेटवर. अपघात विभागात उभा केला तो पन्नाशीचा, पोट सुटलेला, कोणालाही आधी गाव विचारणारा एक जण. आम्ही कारण विचारले, तर सुपरवायझर म्हणाला, “मिशी बघितली की लोकांचे हात शिवशिवतात, साहेब.”

चौथ्या रात्री मोटारसायकलच्या अपघातातला एक विशीचा मुलगा आला. पाठोपाठ दोन जीपगाड्या भरून माणसे. आत काय चालले आहे ते व्हरांड्यातल्या आम्हालाही कळत होते. सुपरवायझरने सर्वांत आधी आपल्याच रक्षकाच्या हातातली काठी काढून घेतली आणि कपाटात टाकली. मग ओपीडीतून दोन बाकडी ओढत आणली, पाण्याचा जार आणला. नंतर दहाएक मिनिटे तो नुसता उभा राहून त्या घोळक्याकडे बघत होता. काय शोधत होता ते पुढे कळले: बोलताना बाकीचे ज्याच्या तोंडाकडे बघतात तो माणूस. टोपी घातलेल्या, गप्प बसलेल्या एका म्हाताऱ्याजवळ जाऊन तो वाकला. “मामा, तुम्ही एकटे आत चला. डॉक्टर काय सांगतात ते तुम्ही ऐका. बाहेर तुम्हीच सांगा, मी शेजारी उभा आहे.”

मामांनी बाहेर येऊन सांगितले. रडारड झाली, एकाने भिंतीवर डोके आपटून घेतले, दोघे दाराकडे धावले. मामांनीच त्यांना अडवले. सुपरवायझरच्या शर्टाची दोन बटणे गेली, एवढेच नुकसान. सकाळी त्याचे रजिस्टर आम्ही मागून घेतले. चोरीला गेलेल्या नळाला रकाना आहे, फुटलेल्या काचेला आहे, बंद ट्यूबलाइटलाही आहे. न झालेल्या मारामारीला रकाना नाही. त्यामुळे पुढच्या निविदेत तिला किंमतही नाही. तिथे भाव लागतो तो डोक्यामागे, महिन्याचा.

आमचे म्हणणे एवढेच आहे. काठ्या वाढवण्याआधी या माणसाला वेळेवर सांगायला शिका. धुळ्याच्या त्या रात्री डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला दुसरीकडे न्या, इथे मेंदूचा शल्यविशारद नाही, असे सांगण्याची वेळ एका निवासी डॉक्टरवर आली होती. विशारद का नाही, याचा जाब त्याने द्यायचा नव्हता. मार त्याने खाल्ला. असे काही सांगायचे असेल, किंवा आत जीव गेला असेल, तर बाहेर सांगण्याआधी पाच मिनिटे सुपरवायझरला कळवावे, असा साधा लेखी नियम आम्हाला तरी त्या भिंतींवर कुठे दिसला नाही. त्याला बातमी कळते ती आतल्या किंकाळीवरून, म्हणजे गर्दीला कळते तेव्हाच. त्या चौथ्या रात्री एका सिस्टरने डोळ्याने खुणावले म्हणून निभावले. सगळ्या पाळ्यांना अशी सिस्टर नसते.

दुसरी गोष्ट ओळखीच्या माणसाची. आर. जी. करमधला गुन्हेगार भिंत चढून आला नव्हता. तो पोलिसांबरोबर काम करणारा नागरी स्वयंसेवक होता, रुग्णालयात त्याचे नेहमीचे जाणे-येणे होते, आणि पहाटे चारच्या सुमारास तो चालत आत गेला. अनोळखी माणसाला अडवायला धाडस लागत नाही. रोज नमस्कार करणाऱ्याला, साहेबांच्या माणसाला, नगरसेवकाच्या भाच्याला पहाटे चारला ‘कुठे?’ विचारायला लागते. आणि विचारल्यावर वरून ‘सोडा हो त्याला’ असा फोन येणार नाही, ही खात्री लागते. एका रुग्णामागे दोन पास हा नियम आमच्यासमोर तीनदा मोडला, तिन्ही वेळा फोनवर. फोन ठेवून सुपरवायझर दार उघडायचा आणि आमच्याकडे न बघता निघून जायचा.

रक्षकाच्या प्रशिक्षणाचे नियम कागदावर आहेत. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत वर्गातले १०० तास आणि मैदानावरचे ६० तास सांगितले होते. त्यात गणवेश, अग्निशमन, गर्दीवर नियंत्रण, प्रथमोपचार होते. सुपरवायझरांसाठी नेतृत्व हा वेगळा विषयही होता. आमच्या सुपरवायझरला आम्ही विचारले, हे कुठे शिकलात? तो म्हणाला, एसटी स्टँडवर. पूर्वी तिथे कंट्रोलरच्या खिडकीजवळ त्याची चहाची गाडी होती. गाडी रद्द झाल्याचे ऐकून चिडणारी माणसे त्याने वर्षानुवर्षे पाहिली होती.

आणि किल्ल्या. त्याच्या कमरेला तिसेक किल्ल्यांचा जुडगा असे, काहींना रंगीत दोरे बांधलेले. लाल दोरा जिन्याच्या जाळीचा, हिरवा अतिदक्षतेच्या मागच्या दाराचा. हा प्रकार हसण्यावारी नेण्याचा नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले. बबन उघडे आणि भानू नारकर हे तिथले दोन रक्षक मारले गेले. वर परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाची दारे लावून घेतली आणि वीस गरोदर बायकांना सुरक्षित जागी हलवले. त्या रात्री कडी लागली म्हणून जीव वाचले. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी २३ एप्रिलच्या पहाटे विरारमध्ये अतिदक्षता विभाग पेटला. अशा रात्री दार उघडावे लागते, आणि तेही धुरात, चाचपडत. कोणते दार लावायचे आणि कोणते उघडायचे हे काही सेकंदांत ठरते. त्या वेळी अधिष्ठाता घरी असतात, अधीक्षक घरी असतात. किल्ल्या आठच्या हजेरीपासून या एकाच माणसाकडे असतात, बारा तासांसाठी. वर्षातून एकदा होणारी आगीची कवायत, तो सांगत होता, सकाळी अकराला होते; फोटो चांगले येतात म्हणून. रात्रपाळी तेव्हा घरी झोपलेली असते.

गेल्या महिन्यात तपासणीसाठी पुन्हा त्या रुग्णालयात जाणे झाले. कंत्राट बदलले होते. गणवेश निळ्याचा खाकी झाला होता, चेहरे बहुतेक नवे. अंधार पडायला आलेला. लिफ्ट बंद होती म्हणून आम्ही जिन्याने निघालो, तर दुसऱ्या मजल्यावरच्या जाळीला कुलूप. तिथे एक तरुण सुपरवायझर जुडगा हातात धरून एकेक किल्ली लावून बघत होता. दोरे कोणीतरी काढून टाकले होते.