त्याग कोणाचा, सत्कार कोणाचा?

परदेशात सेवा करणाऱ्या एखाद्या मिशनरी कुटुंबातील मुलगा शालान्त परीक्षा उत्तीर्ण होतो, तेव्हा त्या कुटुंबाला पाठवणाऱ्या मंडळींत जो आनंदोत्सव होतो त्याची भाषा ठरलेली असते. मुलाचे अभिनंदन दोन ओळींत आटोपते. उरलेला मजकूर आईवडिलांच्या त्यागावर खर्ची पडतो. 'देवाच्या कार्यासाठी त्यांनी पोटच्या गोळ्यालाही दूर ठेवले!' माझा आक्षेप आहे तो या वाक्यावर. दूर राहिले ते मूल आणि त्याला कोणी विचारले नव्हते.

आपले धर्मगुरू आणि धर्मभगिनी अविवाहित, तेव्हा हा प्रश्न प्रॉटेस्टंट बंधूंचा, असे म्हणून आपली सुटका होत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात, 1980 च्या दशकापासून, निओकॅटेक्युमेनल मार्गातील कुटुंबेच्या कुटुंबे मुलाबाळांसह मिशनकार्यावर जाऊ लागली. प्रॉटेस्टंटांचा अनुभव मात्र जुना आहे. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी लंडनमध्ये 1842 साली शाळा निघाली, चीनमधील चेफू येथे 1881 साली, कोडाईकनालला 1901 साली, केनियातील किजाबे येथे 1906 साली. त्या अनुभवाकडे आपण डोळे उघडून पाहावे.

एरिक लिडल हे नाव वाचकांस अपरिचित नसावे. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावण्यास त्याने नकार दिला आणि मग 400 मीटरची शर्यत 47.6 सेकंदांत जिंकली. प्रवचनांतून ही कथा आपण ऐकतो. जी ऐकत नाही ती अशी : चीनमध्ये जन्मलेल्या या मुलाला 1908 साली, वयाच्या सहाव्या वर्षी, थोरल्या भावासह लंडनच्या त्या मिशनरी शाळेत ठेवून आईवडील चीनला परतले. पुढे शालेय वयात आईवडिलांची भेट झाली ती ते रजेवर येत तेव्हाच. मोठेपणी तोही मिशनरी होऊन चीनला गेला. युद्धाचे ढग दाटताच 1941 मध्ये त्याने गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडास पाठवले. तिसरी मुलगी त्याने कधीच पाहिली नाही. जपान्यांच्या वेइशिएन छावणीत चेफू शाळेची मुले आणली गेली, त्यांतील कित्येक आईबापांपासून दुरावलेली. लिडल त्यांना शिकवी, त्यांच्याशी खेळे. मुले त्याला एरिककाका म्हणत. 21 फेब्रुवारी 1945 रोजी तो तेथेच वारला. आईबापांविना शाळेत राहणे म्हणजे काय, हे त्या छावणीत त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? परंतु लिडल थोर निघाला म्हणून ती व्यवस्था थोर ठरत नाही.

कारण त्याच व्यवस्थेत गिनी देशातील मामू येथील शाळाही होती. तेथे 1950 ते 1971 या काळात मिशनऱ्यांच्या लहान मुलांचा शारीरिक, मानसिक आणि लैंगिक छळ झाला. संबंधित मिशनसंस्थेनेच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने 1998 मध्ये तसा निर्वाळा दिला. मुलांची घरी जाणारी पत्रे तपासली जात. तक्रार केलीस तर आईवडिलांच्या कार्यात विघ्न येईल, असे त्यांना बजावले जाई. देवाच्या नावाने घातलेले हे कुलूप होते, आणि ते उघडायला काही दशके लागली. आपली त्यागाची गोड भाषा त्या कुलपाला तेल घालत होती, असे मी म्हणतो.

यावर इसहाकाचे उदाहरण पुढे केले जाते. पण देवाने अब्राहामाचा हात अडवला होता! हन्नेने शमुवेलाला मंदिरात अर्पण केले हे खरे. ती दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत असे, हेही शास्त्रात लिहिले आहे. गोव्यातील आणि वसईतील कित्येकांनी आखाती देशांत नोकरी करताना मुले इकडच्या वसतिगृहांत ठेवली. तेही दुःखच, पण हे पोटासाठी आहे, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. देवावर ढकलले नाही.

अशा शाळांतून मुले घडतात, चार भाषा बोलतात, जग पाहतात, यात शंका नाही. किजाबेच्या मुलाला मात्र पदवीदानाचा दिवस हा घर सोडण्याचा दिवस असतो. सवंगडी तीन खंडांत विखुरतात आणि केवळ सुट्टीत पाहिलेल्या देशात त्याला जावे लागते. 'मायदेशी परतला' म्हणून तेथील मंडळी हार घालतात. त्याच्या दृष्टीने तो मायदेश सोडून आलेला असतो.

तेव्हा सत्कार अवश्य करावा. त्यागाचा उल्लेख करायचाच तर तो मुलाच्या नावापुढे करावा. त्याला बोलावयास उभे करताना 'देवाची कृपा' हा विषय आधीच हाती देऊ नये. शाळेचे दिवस कसे गेले, एवढेच विचारावे. आईवडील समोर बसलेले असताना उत्तर कडू आले, तर मध्येच टाळ्या वाजवून ते तोडू नये.