हात बसेपर्यंत



या सदरात आपण बहुधा पिकांविषयी बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. वस्तऱ्याने दाढी कशी करावी, हे मी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी शिकलो. त्याची ही हकिकत.

आमच्या वडिलांना, आबांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आबांनी उभ्या जन्मात स्वतःची दाढी स्वतः केलेली नाही. आठवड्याला पारावर बसून वस्तऱ्याने करून घ्यायची, ही त्यांची रीत. आता गावात ते काम करणारे कोणी उरले नाही. विजेचे मशीन आणले, तर त्याच्या घरघरीने ते दचकत आणि तोंड फिरवून घेत. दाढी वाढली तसे त्यांनी चारचौघांत बसणे सोडले. कोणी भेटायला आले की तोंडावर उपरणे ओढून घेत. मला ते बघवेना.

पुण्यात स्वारगेटला आमच्या गावच्या एका नाभिक बंधूंचे दुकान आहे. १९७२ च्या दुष्काळात खळ्यावर धान्यच आले नाही, मग बलुते कुठले मिळणार? त्यांचे वडील धोकटी घेऊन पुण्याला आले, ते इथेच राहिले. मार्केट यार्डात माल घालून आलेला शेतकरी, गाडीला वेळ असला की त्यांच्याकडे दाढीला बसायचा. २०२४ पासून स्वारगेटला जमिनीखालून मेट्रोही येते, पण या दुकानात गिऱ्हाईक अजून एसटीचेच जास्त. एका शनिवारी मी तिथे उतरलो आणि म्हणालो, "मला शिकवा."

"अण्णा, आधी डॉक्टरांना विचारलंत का?" त्यांचा पहिला प्रश्न. विचारले होते. आबांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे; कापले तर रक्त लवकर थांबत नाही. हात पुरता तयार झाल्याशिवाय वस्तरा लावायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

पहिला धडा फुग्यावर झाला. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस फासायचा आणि फुगा न फोडता तो उतरवायचा. पहिल्या दिवशी माझे पाच फुगे फुटले. बाकावरची मंडळी मनमुराद हसली. आमचे गुरुजी मात्र हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "तुम्ही वस्तरा ढकलताय. त्याच्या वजनानं त्याला उतरू द्या."

दोन शनिवार फुग्यांवर गेले, मग स्वतःच्या गालावर सुरुवात झाली. शिकलो ते थोडक्यात सांगतो. आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटे गालावर ठेवावा. केस भिजून मऊ पडतात. केस कोणत्या बाजूला वळले आहेत, ते बोटांनी चाचपून पाहावे. उसाच्या पात्यावरून उलटा हात फिरवला की कसा चरचरतो, तसेच इथे. मानेवर तर केसांची दिशा जागोजागी बदलते. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरावी. पाते गालाशी साधारण तीस अंशांत ठेवावे. फार उभे धरले तर खरवडते, फार आडवे धरले तर केस ओढले जातात. एका वेळी इंचभरच न्यावे आणि पाते कधीही आडवे सरकवू नये. आडवे सरकले की कापलेच. हनुवटी आणि ओठावरची जागा शेवटी घ्यावी. नंतर गार पाणी आणि ओली तुरटी.

दुकानात त्यांच्या वडिलांचा अखंड पात्याचा वस्तरा जपून ठेवला आहे. तो दगडावर धार लावून चामड्याच्या पट्ट्यावर पाजळत. पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढायचा, नाहीतर पट्टाच चिरतो. पूर्वी तोच वस्तरा गावभर सर्वांच्या गालांवरून फिरे. एड्स आणि काविळीच्या विषाणूंची माहिती लोकांपर्यंत पोहोचली, तसे प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड लावण्याची पद्धत आली. डाळिंबवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. तेल्या झालेल्या झाडाची कात्री निर्जंतुक न करता पुढच्या झाडाला लावली, तर रोग आपणच पोहोचवतो. आबांसाठीही मी दर वेळी नवे ब्लेड घेतो.

महिन्याभरात माझ्या गालावर चार चरे पडले. तेव्हा मला माझ्याच एका शिबिराची आठवण झाली. कलमे बांधण्याचे प्रात्यक्षिक होते. एका ताईंचा काप पुन्हा पुन्हा वाकडा जात होता. मी म्हणालो होतो, "एवढं सोपं सांगितलं तरी कसं जमत नाही?" त्या खाली मान घालून बसल्या आणि दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. सांगणाऱ्याला सोपे असते, कारण त्याचा हात बसलेला असतो. तीस वर्षे लोकांना शिकवत फिरलो, पण हे मला बाकावर बसून हसू झाल्यावर कळले.

दोन महिन्यांनी गुरुजींनी माझा हात पाहून मान डोलावली. डॉक्टरांनाही पुन्हा विचारले. मग आबांना अंगणात खुर्चीवर बसवले. झटक्याने त्यांचा उजवा गाल ओघळला आहे, तिथे कातडी ताणायला जास्त वेळ घेतला. पाऊण तास लागला. रक्ताचा थेंब आला नाही. आबांनी डाव्या हाताने गाल चाचपला, आरसा मागितला आणि बराच वेळ पाहिले. मग बोट डाव्या कल्ल्यावर ठेवले. तो बोटभर वर गेला होता! त्या संध्याकाळी मात्र उपरणे खांद्यावरच राहिले आणि आबा शेजाऱ्यांत बसले.

पुढच्या खेपेला दुकानात पायलीभर बाजरी नेली. गुरुजी म्हणाले, "बलुतं आणलंत का?" मी म्हणालो, "नाही, शिकवणीची फी."

त्या ताईंच्या गावीही जाऊन आलो. येत्या हंगामात त्यांच्या बांधावर कलमे बांधायची आहेत. त्यांचा हात बसेपर्यंत मी थांबणार आहे.